जुन्या कॅसेटमधला आवाज कुणाचा? घरच्या लॅपटॉपवर शोधायची पद्धत

गोव्यात जिथे देवस्थान आहे तिथे उत्सवाचं नाटक आहे, आणि जिथे नाटक आहे तिथे कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेटचं एक खोकं आहेच. तालमीच्या कॅसेट, काल्याच्या रात्रीच्या प्रयोगाच्या कॅसेट, चवथीच्या घुमट आरत्या (घुमट हे मातीच्या भांड्याचं वाद्य), वर लिहिलेली नावं अर्धी पुसलेली. अलीकडे त्यात व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या व्हॉइस नोटची भर पडलीय. हे सगळं डिजिटल करून घेणं आता सोपं झालंय, पण केल्यावर खरा प्रश्न पुढे येतो की ह्यात बोलतंय कोण? कोण उलयता? जुनीजाणती माणसं ऐकून झटकन सांगतात, पण ढीगभर तास ऐकायला त्यांना बसवणार कसं, आणि सांगणारी माणसंही दरवर्षी कमीच होतायत.

हे काम डीप न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे ढीगभर उदाहरणं बघून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामकडून, बऱ्यापैकी करून घेता येतं, पैसे न घालवता, साध्या लॅपटॉपवर. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ह्या प्रकारात लोक सगळा जोर मॉडेल, म्हणजे शिकवून तयार केलेलं नेटवर्क, कुठलं घ्यायचं ह्याच्यावर लावतात आणि तीच सगळ्यात सोपी बाब आहे, मॉडेल तयार मिळतं आणि चांगलं मिळतं. निकाल बिघडतो तो दोन ठिकाणी, आपण आवाजाचे नमुने कसे गोळा केले तिथे आणि कटऑफ, म्हणजे किती साम्य दिसलं की ‘हाच माणूस’ म्हणायचं ती रेघ, कुठे धरला तिथे. म्हणून खाली मॉडेलवर कमी आणि ह्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय.

आधी काम नक्की करा

आवाज ओळखणं म्हटलं की बहुतेकांना बोललेलं टाइप होऊन मिळणं आठवतं. ते वेगळं. तिथे काय बोललं ते शोधायचं असतं, इथे कोण बोललं ते, शब्द काय होते ह्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. त्यामुळेच कोकणी, मराठी, मधेच इंग्लिश असली आपली खिचडी असली तरी हे चालतं.

ह्यातही तीन कामं वेगवेगळी आहेत. ‘ही क्लिप अमक्याचीच का’ हा हो-नाही प्रश्न झाला, त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. ‘आमच्या मंडळातल्या पंचवीस जणांपैकी हा कोण’ हे आयडेंटिफिकेशन. आणि ‘ह्या तासाभराच्या टेपमध्ये कोण कधी बोललं त्याचे तुकडे पाडून दे’ हे डायरायझेशन. कॅसेटच्या खोक्याला तिन्ही लागतात, पण क्रम उलटा, म्हणजे आधी तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकडा कुणाचा ते शोधायचं, आणि शंका असेल तिथे एकाएकाशी जुळवून बघायचं.

आत काय चालतं, थोडक्यात

आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे बारीक काप केले जातात, दर १० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे काप एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक कापात कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते मोजतात, साधारण ८० पट्ट्यांत. हे आकडे नेटवर्कमध्ये जातात, नेटवर्क आजूबाजूचे काप एकत्र बघत बघत पुढे जातं आणि शेवटी सगळ्या क्लिपचा मिळून सरासरी आणि चढउतार काढून एक ठरावीक लांबीची आकड्यांची यादी देतं. क्लिप तीन सेकंदांची असो की तीन मिनिटांची, यादी तेवढीच. हिलाच एम्बेडिंग म्हणतात. अक्षांश-रेखांश दोन आकड्यांत म्हापसा कुठे आणि काणकोण कुठे ते सांगतात ना, तसंच, फक्त इथे दोनच्या जागी १९२ आकडे असतात आणि एकाच माणसाच्या क्लिपा जवळजवळ पडतात.

जवळ का पडतात? तर हे नेटवर्क हजारो माणसांचे आवाज देऊन ‘ह्यातला हा कोण’ ह्या परीक्षेवर तयार केलेलं असतं. तयार झालं की शेवटचा थर, जो त्या हजारो माणसांची नावं सांगतो, तो काढून टाकतात. आपल्याला त्यांच्या नावांशी काय करायचंय, आपल्याला त्याच्या आधीचा थर हवा, ज्याला आवाजा-आवाजांतला फरक कळायला लागलाय. ट्रेनिंगच्या वेळी परीक्षा मुद्दाम कडक ठेवतात, नुसतं बरोबर उत्तर चालत नाही, बरोबर आणि चुकीच्या उत्तरात ठरावीक अंतर पडलंच पाहिजे अशी अट घालतात, त्यामुळे नवीन, कधी न ऐकलेले आवाजसुद्धा नीट वेगळे पडतात.

हे सगळं एकदम आलं नाही. आवाजाची अशी आकड्यांची यादी काढायच्या पद्धती बदलत गेल्या. २०११ च्या सुमाराला आय-व्हेक्टर नावाच्या पद्धतीचा जमाना होता, ते संख्याशास्त्राचं काम, त्यात डीप नेटवर्क नव्हतं. २०१४ ला गूगलच्या लोकांनी डी-व्हेक्टर आणला, २०१८ ला जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीतून एक्स-व्हेक्टर आला आणि तिथून गाडी सुटली. आज जे मॉडेल घ्या म्हणून मी सांगतोय ते इकापा-टीडीएनएन, २०२० चं, बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीतलं. त्यानंतर आणखी मोठी मॉडेल आलीयत, पण मंडळाच्या कॅसेटसाठी ती आणायची काय गरज नाही.

स्वतः ट्रेन करायला जाऊ नका

कॉलेजात प्रोजेक्ट करणारी मुलं नेहमी इथे अडकतात. दहा-बारा मित्रांचे आवाज घेतात, एक छोटं नेटवर्क शून्यापासून ट्रेन करतात, ९८ टक्के आलं म्हणून खूश होतात. आता तो आकडा कुठून आला ते बघा. प्रत्येक मित्राचा एकच रेकॉर्डिंग, त्याचेच तुकडे करून अर्धे ट्रेनिंगला अर्धे टेस्टला. एकाने हॉस्टेलच्या खोलीत पंख्याखाली रेकॉर्ड केलेलं, दुसऱ्याने बाल्कनीत. नेटवर्क शहाणं असतं, त्याने माणूस शिकायच्या ऐवजी पंखा शिकून घेतला. दुसऱ्या दिवशी तोच मित्र दुसऱ्या खोलीत बोलला की संपलं.

तयार मॉडेलला केवढा माल खिलवलाय तो बघितला की फरक कळतो. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या गटाने यूट्यूबवरच्या मुलाखतींतून व्हॉक्ससेलेब नावाचा डेटा जमवला, २०१७ च्या पहिल्या भागात १,२५१ माणसं आणि लाखाच्या वर क्लिपा, २०१८ च्या दुसऱ्या भागात सहा हजारांच्या वर माणसं आणि दहा लाखांहून जास्त क्लिपा. दोन हजारांच्या वर तास होतात. शिवाय त्याच्यात मुद्दाम गोंगाट, संगीत, खोलीचा घुमणारा आवाज मिसळून ट्रेनिंग दिलेलं असतं. हे आपल्याला घरी जमणार नाही आणि जमवायची गरजही नाही.

हो, त्यात बहुतेक इंग्लिश बोलणारे आहेत, डिचोली-पेडण्याच्या बोलीतलं कुणी शोधून सापडायचं नाही. तरी चालतं, कारण मॉडेल मुख्यतः घशाचा, तोंडाचा, नाकाचा आकार आणि बोलायची ढब पकडतं आणि ते भाषेवर फार अवलंबून नसतं. थोडा फटका बसतो, तो कटऑफ लावताना भरून काढायचा.

सामान

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, पायटॉर्च हे न्यूरल नेटवर्क चालवायचं सॉफ्टवेअर, आणि स्पीचब्रेन हा त्यावरचा आवाजाच्या कामाचा तयार संच. तिन्ही फुकट. स्पीचब्रेनचं इकापा मॉडेल हगिंग फेस ह्या तयार मॉडेलांच्या वेबसाइटवर ठेवलेलं आहे, पहिल्यांदा चालवलं की आपोआप डाउनलोड होतं, त्या पानावर पाच-सात ओळींचं उदाहरण दिलंय तेच उचला. दोन गोष्टी त्यातल्या कामाच्या: एक फंक्शन दोन फायली देऊन ‘हे एकच का’ विचारतं आणि स्कोअर देतं, दुसरं नुसतं एम्बेडिंग काढून देतं. पहिलं गंमत म्हणून चालवून बघा, खरं काम दुसऱ्यावर करायचं.

ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं. मॉडेल लहान आहे, एम्बेडिंग एकदाच काढून फाइलमध्ये ठेवायचं, नंतर जुळवणी म्हणजे नुसते आकड्यांचे गुणाकार, क्षणात होतात. गूगल कोलॅबवरही, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या कॉम्प्युटरवर, होईल पण दुसऱ्यांचे आवाज परक्या सर्व्हरवर चढवायचे का हे आधी मंडळात विचारा, माझं मत विचाराल तर नको.

ऑडिओ तयार करणं

मॉडेलला १६ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल हवी. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ऑपस ह्या फॉरमॅटमध्ये येते, कॅसेट तुम्ही बहुतेक ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओत घेतलेली असते. एफएफएमपेग ह्या फायली बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरला सॅम्पल रेट १६००० आणि चॅनेल १ सांगून सगळं फोल्डर एका फटक्यात बदलून घ्या. मूळ फायली मात्र तशाच जपून ठेवा, कामाची कॉपी वेगळी. एम्बेडिंग काढणाऱ्या फंक्शनला तुम्ही चुकून ४४.१ ची फाइल दिलीत तर ते तक्रार करत नाही, गुपचूप भलतेच आकडे देतं, म्हणून आधी तपासा.

नॉइज रिडक्शनचा मोह आवरा. कानाला बरं वाटतं म्हणून लोक खरखर पूर्ण घालवतात, त्यात आवाजाच्या वरच्या पट्ट्याही कापल्या जातात आणि पाण्याखालून बोलल्यासारखं होतं. हे मॉडेल गोंगाटात शिकलेलं आहे, त्याला खरखर झेपते, कापलेला आवाज झेपत नाही.

आता कॅसेटची खास भानगड, स्पीड. जुने टेपरेकॉर्डर दोन-चार टक्के फास्ट नाहीतर स्लो चालायचे, बेल्ट सैल, बॅटरी उतरलेली. फास्ट झालं की आवाज बारीक होतो, आणि नुसता सूरच चढत नाही, घशाच्या आकाराची जी खूण मॉडेल पकडतं तीही सरकते. म्हणजे माणूस तोच, पण मॉडेलला जरा लहान डोक्याचा वाटतो. हे तपासायची एक युक्ती आहे. रेकॉर्डिंग करताना टेपरेकॉर्डर विजेवर लावलेला असेल तर लाइनची गुणगुण टेपवर उतरलेली असते आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ऑडॅसिटी ह्या फुकट ऑडिओ एडिटरमध्ये कुणी बोलत नसलेला शांत तुकडा निवडा, प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, आणि ५० किंवा १०० च्या आसपास उभी टोकदार रेघ कुठे आहे ते बघा. ती ५२ ला दिसली तर टेप चार टक्के फास्ट वाजतेय, तेवढी हळू करून घ्या, सूर आणि स्पीड दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरून, फक्त सूर बदलणारा नको. एक पथ्य, आत्ता वाजवणाऱ्या डेकचीही स्वतःची गुणगुण असते आणि ती नेहमी ५० लाच दिसणार, त्यामुळे टेप थांबवून त्याच वायरीवरून जरा रेकॉर्ड करून बघा, तेव्हाही रेघ तेवढीच ठळक असेल तर ती डेकची, तिच्यावर भरवसा नको. आणि तालीम बॅटरीवरच्या टेपवर घेतली असेल तर गुणगुण सापडणारच नाही, मग ज्याचा आवाज पक्का माहीत आहे अशा माणसाच्या कानावर सोडून द्या.

तुकडे पाडणं, आणि प्रॉम्प्टर नावाचं भूत

आधी बोलणं कुठे आहे आणि रिकामं कुठे आहे ते वेगळं करायचं, त्याला सिलेरो व्हॅड चांगलं. हार्मोनियम, पखवाज, टाळ्या ह्यातलं बरंचसं ते गाळतं, सगळं नाही. मग पायअॅनोट घ्या, ते कोण कधी बोललं त्याचे तुकडे पाडून ‘बोलणारा १’, ‘बोलणारा २’ अशी लेबलं लावतं. हगिंग फेसवर खातं काढून अटी मान्य कराव्या लागतात, एक टोकन मिळतं ते टाकायचं, बाकी सोपं.

उत्सवी नाटकाच्या टेपवर एक हमखास घोटाळा होतो तो म्हणजे प्रॉम्प्टर. विंगेतून तो प्रत्येक वाक्य आधी कुजबुजणार, मग नट ते मोठ्याने म्हणणार, आणि मायक्रोफोन विंगेच्या बाजूला टांगलेला असेल तर टेपवर प्रॉम्प्टरच नायक. सॉफ्टवेअरला तो एक वेगळा माणूस सापडतो, कधी तो नटाच्या तुकड्यात मिसळून जातो, आणि मग नटाच्या एम्बेडिंगमध्ये पाव हिस्सा प्रॉम्प्टरचा येतो. उपाय दोन. एक, तुकड्याची सुरुवातीची अर्धा-एक सेकंद कापून टाका, कुजबुज बहुतेक तिथेच असते. दोन, प्रॉम्प्टरलाच एक ओळखीचा माणूस म्हणून यादीत घाला, त्याच्या कुजबुजीचे नमुने देऊन. म्हणजे त्याचे तुकडे त्याच्या नावावर जातील आणि बाकीच्यांच्या वाटेत येणार नाहीत. बरेचदा मंडळातल्या सगळ्यात जास्त नाटकांत ‘भूमिका’ ह्याच माणसाची निघते, हे एक बोनस.

दोन सेकंदांपेक्षा लहान तुकडे नाव लावायला वापरूच नका. ‘होय महाराज’ एवढ्यावरून मॉडेल काय सांगणार, त्यात माणसाचा ठसा पुरता उतरतच नाही. तीन सेकंदांच्या वर बरं, पाच-दहा मिळाले तर उत्तम.

नमुने गोळा करणं

इथे वेळ घालवा. प्रत्येक माणसाचं निव्वळ बोलणं, मधल्या शांतता सोडून, अर्धा मिनिट तरी हवं, पण अर्धा मिनिट एकाच रेकॉर्डिंगमधून नको. तीन वेगळ्या दिवसांचे दहा-दहा सेकंद हे एका दिवसाच्या दोन मिनिटांपेक्षा भारी. सर्दी, थकवा, फोन वेगळा, खोली वेगळी, हे सगळं थोडंथोडं आत आलं पाहिजे.

काय बोलायला लावायचं? कागद वाचायला देऊ नका, वाचताना सगळे शाळेतल्यासारखे बोलतात. बाजाराला काय भाव होता, मागच्या काल्याला कुणाचं नाटक पडलं, असलं काहीतरी विचारा, आपोआप बोलतात. थोडं कोकणीत, थोडं मराठीत, कारण घरचं बोलणं कोकणी आणि स्टेजवरचं मराठी असा आपल्याकडे मामला, आणि एकच माणूस भाषा बदलली की सूर आणि लय दोन्ही बदलतो, स्कोअर उतरतो. शक्य असेल तर एखादा जुना डायलॉग स्टेजच्या आवाजात. गाणं मात्र वेगळं ठेवा. घुमट आरतीत ओरडून गाणारा आणि कट्ट्यावर बोलणारा, हे मॉडेलच्या दृष्टीने जवळजवळ दोन माणसं आहेत, गाण्याच्या टेपा ओळखायच्या असतील तर गाण्याचेच नमुने घ्या.

जी माणसं आता नाहीत त्यांचे नमुने कॅसेटमधूनच घ्यावे लागतात, घरच्यांना बसवून ‘हा नक्की बाबांचाच’ असं ज्या तुकड्यावर दोघेतिघे न विचारता म्हणतील तेवढेच घ्या. आणि वयाचं भान ठेवा. पंचविशीतला आवाज आणि साठीतला आवाज एकमेकांशी जुळवायला गेलात तर स्कोअर पडणारच, म्हणून जुन्या टेपांसाठी जमेल तिथे त्याच काळातला नमुना शोधा.

मग प्रत्येक नमुन्याचं एम्बेडिंग काढायचं, यादीतले आकडे सारख्या प्रमाणात लहानमोठे करून त्यांच्या वर्गांची बेरीज १ करून घ्यायची म्हणजे नॉर्मलाइज, मग त्या सगळ्या याद्यांची सरासरी, आणि सरासरी पुन्हा नॉर्मलाइज. हा झाला त्या माणसाचा ठसा. बोलणं आणि स्टेज ह्यात फारच फरक असेल तर एका माणसाचे दोन ठसे ठेवले तरी कुणी अडवत नाही.

कटऑफ

दोन एम्बेडिंगमधलं साम्य कोसाइनने मोजतात, उत्तर उणे १ ते १ मध्ये येतं, जितकं जास्त तितके आवाज जवळचे. स्पीचब्रेनमध्ये तयार कटऑफ ०.२५ आहे, त्याच्या वर गेलं की ‘एकच माणूस’. हा आकडा यूट्यूबवरच्या मुलाखतींच्या दुनियेतला आहे. तुमच्या कॅसेटवर तो जसाच्या तसा लावलात तर फसाल, आणि दोन्ही बाजूंनी फसाल. एकाच टेपवरची दोन वेगळी माणसं तीच खरखर, तोच मायक्रोफोन वाटून घेतात म्हणून त्यांचा स्कोअर उगाच वर चढतो, आणि एकच माणूस एकदा टेपवर एकदा मोबाइलवर असला की त्याचा स्कोअर उगाच खाली येतो.

म्हणून कटऑफ आपल्याच आवाजांवर काढायचा. समजा दहा माणसं घेतली, प्रत्येकाच्या पक्क्या माहितीच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या सहा क्लिपा, एकूण ६०. ह्यांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर १,७७० होतात, त्यातल्या १५० एकाच माणसाच्या आणि १,६२० वेगवेगळ्या माणसांच्या. सगळ्यांचे स्कोअर काढून एक्सेलमध्ये टाका, दोन्ही गटांचे आलेख एकावर एक काढा. दोन टेकड्या दिसतील, मधे थोड्या एकमेकींत घुसलेल्या. जिथे घुसल्यायत तो तुमचा खरा त्रास आणि कटऑफ तिथेच कुठेतरी लावायचा. ज्या जागी चुकून नाकारलेले आणि चुकून स्वीकारलेले ह्यांची टक्केवारी सारखी येते त्याला ईक्वल एरर रेट म्हणतात. व्हॉक्ससेलेबच्या टेस्टवर हे मॉडेल एक टक्क्याच्या आत जातं. तुमच्या टेपांवर त्याच्या कितीतरी पट निघेल, घाबरू नका.

जोड्या लावताना एकाच माणसाच्या एकाच रेकॉर्डिंगमधल्या दोन क्लिपा एकमेकींशी लावू नका, नाहीतर तो मघाचा पंखा परत येतो. ‘एकच माणूस’ जोडी म्हणजे वेगळ्या दिवसाची, आणि ‘वेगळी माणसं’ ह्या जोड्यांत मुद्दाम एकाच टेपवरची दोन माणसं पुरेशी हवीत, कारण खरी कठीण परीक्षा तीच.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवायचा. कटऑफला चुकून स्वीकारायचं प्रमाण १ टक्का ठेवलंत, ऐकायला झकास वाटतं. पण यादीत पंचवीस जण असतील आणि टेपवर बाहेरगावचा कुणी पाहुणा नट बोलतोय, तर त्याची तुलना पंचविसांशी होणार, आणि निदान एकाशी तरी चुकून जुळायची शक्यता २२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून आयडेंटिफिकेशनला कटऑफ जरा वर घ्या आणि दुसरी अट घाला, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या स्कोअरमध्ये ठळक अंतर पाहिजे. अंतर नाही तर ‘नक्की नाही’ असं लिहायचं. ‘नक्की नाही’ हे उत्तर कॉलममध्ये असलंच पाहिजे, ते ठेवायला लोकांना का लाज वाटते कळत नाही.

ह्याच्याही पुढे जायचं असेल तर स्कोअर नॉर्मलायझेशन करा. शेजारच्या गावाच्या नाटकाचे, यादीत नसलेल्या माणसांचे शे-दोनशे तुकडे घ्या, तेही तसल्याच कॅसेटवरचे. आता प्रत्येक क्लिपचा स्कोअर ह्या परक्यांशी किती येतो त्याची सरासरी आणि पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) काढा, आणि खऱ्या स्कोअरमधून सरासरी वजा करून पसाऱ्याने भागा. म्हणजे ‘हा स्कोअर परक्यांपेक्षा किती वर आहे’ असा आकडा मिळतो, आणि एखादी टेप सगळ्यांनाच वर चढवत असेल तर ते आपोआप कापलं जातं. वेगवेगळ्या टेपांना एकच कटऑफ लावायचा असेल तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

पावसाळ्यातल्या तालमींची टेप असेल तर एक छोटी गोष्ट करून बघा. मंडपाच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं नुसतं रेकॉर्डिंग घ्या, जूनपासून त्याचा तुटवडा नाही, आणि ते स्वच्छ नमुन्यांत हळू, मध्यम, जोरात असं मिसळून त्यांचीही एम्बेडिंग ठशात घाला. पंख्याचं, जनरेटरचंही तसंच.

जिथे फसतं

नट आवाज बदलून बोलला की फसतं, सरळ सांगतो. पेडण्याकडच्या दशावतारात जो नट आत चहा घेताना एका आवाजात बोलतो तो संकासुर म्हणून आला की दुसराच कोणीतरी असतो, आणि स्त्री-पार्टी असेल तर विचारूच नका. मॉडेल घशाचा आकार पकडतं म्हटलं तरी नट घसाच वळवतो. अशा टेपवर भूमिकेच्या आवाजाचे नमुने वेगळे घेतल्याशिवाय काही हाती लागत नाही, आणि मिळाले तरी कटऑफच्या जवळपास घोटाळतात. सामाजिक नाटक, साधं बोलणं, तिथे मस्त चालतं.

बापलेक आणि सख्खे भाऊ ही दुसरी अडचण. गावच्या मंडळात आडनावं दोनतीनच असतात तेव्हा ही अडचण अपवाद राहत नाही. अशा जोड्या आधीच हेरून त्यांचा आपसातला स्कोअर काढून ठेवा, तो कटऑफच्या वर निघाला तर त्या दोघांपैकी कुणाचं नाव आलं तरी माणसाने ऐकूनच ठरवायचं.

फोनवरून घेतलेलं रेकॉर्डिंग, म्हणजे जुन्या पद्धतीचा साधा कॉल, त्यात साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. १६ किलोहर्ट्झला बदलून घेतलं म्हणून गेलेल्या पट्ट्या परत येत नाहीत, त्याच्याशी जुळवायला नमुनेही फोनवरचेच घ्या.

परवानगी, आणि कुलूप

ठसा म्हणजे माणसाची ओळख आहे, नुसती ऑडिओ फाइल नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी मंडळाच्या बैठकीत सांगून, प्रत्येकाला विचारून घ्या, कशासाठी, कुठे ठेवणार, आणि कुणी नको म्हटलं तर ठसा आणि नमुने दोन्ही पुसा. गेलेल्यांसाठी घरच्यांना विचारा. ठशांची फाइल ग्रुपवर टाकू नका.

आणि कुणीतरी विचारणारच की ह्याच्यावर देवस्थानच्या ऑफिसचं कुलूप आवाजाने उघडायचं करूया का. नका करू. काही सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी सॉफ्टवेअर आता कुणालाही मिळतात, आणि हे मॉडेल ‘आवाज कुणासारखा’ एवढंच सांगतं, तो जिवंत माणसाचा की स्पीकरमधून वाजलेला हे त्याला विचारलेलंच नाही. त्यासाठी वेगळी नकली-आवाज ओळखणारी मॉडेल लागतात, २०१५ पासून एएसव्हीस्पूफ नावाने त्याची स्पर्धाच चालते आणि अजून तो सामना संपलेला नाही.

निकाल कसा लिहायचा

एक साधी शीट करा. फाइलचं नाव, तुकडा कुठून कुठपर्यंत, पहिलं नाव, त्याचा स्कोअर, दुसरं नाव, त्याचा स्कोअर, आणि शेवटी ‘कुणी ऐकून पक्कं केलं’ हा कॉलम. शेवटचा कॉलम रिकामा असेल तोवर ते नाव अंदाज समजायचं, यूट्यूबवर टाकताना खाली नाव छापायचं नाही.

जुन्याजाणत्यांना बसवाल तेव्हा त्यांना अख्खी टेप ऐकवू नका, आणि वरच्या स्कोअरवाले तुकडेही नकोत, ते बहुतेक बरोबरच असतात. कटऑफच्या दोन्ही बाजूंचे, मधले तुकडे काढा, प्रत्येकी दहा सेकंदांचे, एकामागोमाग लावा, आणि मॉडेलने काय नाव दिलंय ते आधी सांगू नका, सांगितलं की मान डोलावतात. मधे मधे ज्याचं उत्तर पक्कं आहे असे तुकडेही पेरा म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाचाही अंदाज येतो.

पक्के झालेले तुकडे ठशात घालून पुन्हा सगळं चालवा, दुसऱ्या फेरीत ‘नक्की नाही’ मधले बरेच सुटतात. पण ऐकून पक्के झालेलेच घाला. मॉडेलने स्वतः लावलेली नावं न तपासता परत ठशात घातलीत तर एखाद्या भावाचा आवाज दुसऱ्या भावाच्या ठशात शिरतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो आणखी घट्ट बसत जातो, मग तो बाहेर काढायला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी ठशांच्या फाइलची तारीख घालून एक कॉपी ठेवा.